सोलापूर : बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाचं पुढं काय झालं, हे मोजायचं कसं?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. सोलापूर शहराजवळच्या एका मुलांच्या बालगृहाच्या कार्यकारिणीवर मी हल्लीच आलोय. संस्थेचं नाव लिहीत नाही, मुलांचा विषय आहे. आमचा वार्षिक अहवाल आता छापायला जाईल आणि त्यावर एका कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी अवलंबून आहे, त्यांनी विचारलंय की तुमच्या कामाचा परिणाम काय तो आकड्यात दाखवा. म्हणून मागचे अहवाल काढून वाचत बसलो. त्यात सगळं आहे बघा, किती मुलं दाखल, किती जणांना गणवेश, दिवाळीचा फराळ कुणी दिला, गड्ड्याच्या जत्रेला नेलं त्याचे फोटो, दहावीचा निकाल, डोळे तपासणी शिबिर, स्वयंपाकघराला नवीन फरशी. पण जी मुलं अठरा पूर्ण होऊन बाहेर पडली ती आज कुठं आहेत, याची एक ओळ नाही. ऑफिसात विचारलं तर दोन-तीन नावं पटकन सांगितली, एक पोलिसात लागला, एक पुण्याला नर्सिंग करतोय. बाकीची? "असतील कुठंतरी कामाला."

एवढी वर्षं पोराला सांभाळायचं ते त्यानं पुढं आपल्या पायावर उभं राहावं म्हणून, मग तेवढंच सोडून बाकी सगळं मोजायचं याला काय अर्थ आहे? माझं मत असं झालंय की बालगृह बरं की वाईट हे बाहेर पडून एक-दोन वर्षं झालेल्या मुलाकडं बघून ठरवावं आणि तो जे सांगेल त्यावरून आत काहीतरी बदलावं. कंपनीला काय दाखवायचं तो प्रश्न नंतरचा. पण हे करायचं कसं, कुणी करायचं, काय विचारायचं, याबद्दल ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

पार्कचौकातला

मी अधीक्षक म्हणून निवृत्त झालोय, मुलांच्या संस्थेतच सगळी नोकरी गेली. तुमचा प्रश्न बरोबर आहे पण आधी एक गोष्ट समजून घ्या, कागदावर हे सगळं आधीच आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा बघा. प्रत्येक मुलाचा आयसीपी, म्हणजे त्याच्यापुरता काळजीचा आराखडा करायचा असतो, त्यात त्याची तब्येत, शिक्षण, घरची परिस्थिती, मनाची अवस्था, पुढं काय करायचं ते सगळं मुलाशी बोलून लिहायचं आणि ठरावीक काळानं परत तपासायचं. जिल्हा तपासणी समितीनं तीन महिन्यातून एकदा तरी यायचं, कमीत कमी तिघं, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी पाहिजेच. मुलाला कुठं ठेवायचं याचा आदेश काढणाऱ्या बालकल्याण समितीनं वेगळ्या भेटी द्यायच्या. अठरानंतर २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची तरतूद आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या नियमात गरज पडली तर २३ पर्यंत वाढवता येतं.

अडचण कुठं येते ती सांगतो. आयसीपी भरणारा माणूस एकच, तोच कोर्टात जाणार, तोच सिव्हिलला मुलाला घेऊन जाणार, तोच अनुदानाची बिलं करणार, आणि आपल्याकडं पाणी काही दिवसाआड येणार म्हणून टँकरवाल्याला फोनही तोच करणार. मग तपासणीच्या आदल्या रात्री बसून सगळ्यांचे आयसीपी एका दमात भरले जातात. मी फायली बघितल्यात ज्यात तीस मुलांच्या पुढं "अभ्यासात रस आहे, वर्तन समाधानकारक" असंच लिहिलंय, अक्षरही तेच, पेनही तेच. म्हणून सांगतो, अजून एक नवीन रजिस्टर वाढवू नका. आहे त्या कागदातला कुठला कागद खरा करायचा ते आधी ठरवा.

वालचंदमागे

मी अशाच एका संस्थेत वाढलोय, दुसरीपासून बारावीपर्यंत. आता चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. धागा वाचला आणि लिहायला बसलो.

आमच्यातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला. कारण सगळ्यांना माहिताय, जन्माचा दाखला नाही, शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावला. बाहेर ही गंमत वाटते, आमच्यासाठी त्याचा अर्थ असा की बारावीचा निकाल लागायच्या सुमारास, ॲडमिशनची पळापळ असते नेमकं तेव्हा अठरा पूर्ण होतात आणि बॅग भरायची वेळ येते. माझ्यासोबत बाहेर पडलेल्या एका मित्राला मार्क चांगले होते पण जातीचा दाखला नव्हता, रहिवासी दाखल्यावर पत्ता कुठला टाकायचा ते माहीत नव्हतं, बँकेचं खातं अठराच्या आतला म्हणून संस्थेच्या सहीनं उघडलेलं ते बदलून घ्यायचं राहिलेलं. कॉलेजचा नाद सोडून तो हॉटेलात कामाला लागला. आता कुणी म्हणेल मुलगा कमावता झाला, पुनर्वसन झालं. रजिस्टरात तसंच लिहिलं असणार.

म्हणून माझं म्हणणं, सतराव्या वर्षीच मोजा. बाहेर पडायच्या वर्षभर आधी या पोराच्या हातात काय काय आहे? आधार, जातीचा दाखला किंवा अनाथ प्रमाणपत्र, स्वतःच्या नावाचं चालू खातं, शाळेचे सगळे दाखले, रक्तगट, एखादं तरी ओळखीचं मोठं माणूस ज्याला रात्री फोन केला तर उचलेल. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रच नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आणि त्याला स्वयंपाक येतो का, एसटीनं एकटा जाऊन येऊ शकतो का, पगारातून महिना काढता येतो का हेही बघा. मला बाहेर आल्यावर गॅस सिलिंडर कसा लावायचा ते येत नव्हतं, कारण आत स्वयंपाकघरात आम्हाला येऊच द्यायचे नाहीत.

रेघोट्या

मी समुपदेशक आहे, मुलींच्या संस्थेत काम केलंय, सध्या दोन शाळांत जाते. वरच्या दादांनी जे लिहिलंय ते अगदी जागेवर आहे. मला मनाच्या बाजूबद्दल लिहायचंय, कारण ती मोजता येत नाही असं सगळे म्हणतात.

जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे, एसडीक्यू म्हणतात, रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडली. २५ विधानं आहेत, पाच-पाचचे पाच गट, म्हणजे भावनिक त्रास, वर्तन, चंचलपणा, बरोबरीच्या मुलांशी जमणं आणि दुसऱ्याला मदत करणं. शिक्षक भरू शकतात, सांभाळणारे भरू शकतात, ११ वर्षांपुढची मुलं स्वतः भरू शकतात. आजार ठरवायला ती वापरू नका, ती फक्त कुणाकडं जास्त लक्ष द्यायला हवं ते दाखवते. महत्त्वाचं म्हणजे मूल आलं की थोडं रुळल्यावर एकदा भरायची आणि मग दर सहा महिन्यांनी. पहिली नोंद नसेल तर नंतरच्या नोंदीला काडीचा अर्थ नाही, कारण मार खाऊन आलेलं पोर आणि आईच्या आजारपणामुळं आलेलं पोर एकाच जागेवरून सुरुवात करत नाहीत. दोघांनाही "वर्तन समाधानकारक" लिहिलं की त्या पहिल्या पोरानं किती मोठा पल्ला गाठला ते कुणालाच दिसत नाही.

पण छापील प्रश्नावलीपेक्षा मला एका वहीनं जास्त शिकवलं. आमच्याकडं काळजीवाहक ताई लहान मुलींच्या ओल्या गाद्यांची नोंद ठेवायच्या, धुवायला किती चादरी जातात त्या हिशोबासाठी. ती वही सहज चाळत होते तर लक्षात आलं की रविवार आणि सोमवारच्या रात्री जास्त खुणा आहेत, आणि बहुतेक त्याच त्याच मुली. रविवारी पालक भेटायला यायचे. ज्यांना भेटायला कुणी येत नव्हतं त्यांच्याच गाद्या ओल्या होत होत्या. मग आम्ही रविवारी दुपारी त्या मुलींना गावाकडच्या मामी-आजीला फोन लावून द्यायला सुरुवात केली, आणि ज्यांना फोन करायलाही कुणी नव्हतं त्यांना घेऊन एक ताई कंबर तलावाकडं फिरायला जायच्या. वहीतल्या खुणा कमी झाल्या. यात ना सॉफ्टवेअर लागलं ना निधी. नोंद होतीच, ती वाचणारं कुणी नव्हतं.

अक्कलकोटरोड

वाचून छान वाटतंय पण मला हे आकडे वगैरे फार पटत नाही. पोरांना पोटभर जेवण, झोपायला जागा, मारहाण नाही आणि शाळा, एवढं नीट झालं तरी पुष्कळ आहे. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी तेवढंही नाही. उगाच परदेशातलं काहीतरी आणून त्या गरीब कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर कशाला टाकायचं?

सीनाकाठ

भाऊ, जेवण-झोप-सुरक्षितता आधी, यात वादच नाही. पण मारहाण नाही हे तरी आपल्याला कसं कळतं? आमच्या अहवालात तक्रारपेटीत शून्य तक्रारी असं अभिमानानं छापलंय. चौकशी केली तर पेटीची चावी ऑफिसच्या कपाटात आणि पेटी ऑफिसच्या दारावर. कुठलं पोर तिथं चिठ्ठी टाकेल?

बाळीवेसकर

मी काही काळ तपासणीच्या कामात होते, एवढंच सांगते. शून्य तक्रारी हा आकडा दिसला की मला आता धास्तीच वाटते.

बिहारचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवायला पाहिजे. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात अधिकारी जात होते, तपासणीचे शेरे होते, अनुदान चालू होतं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या कोशिश टीमनं राज्यातल्या ११० संस्थांचं सोशल ऑडिट केलं, मुलींशी त्या बोलू शकतील अशा पद्धतीनं बोलले, आणि तेव्हा आतला लैंगिक अत्याचार बाहेर आला. २०१८ साली तो अहवाल सरकारकडं गेला, जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टानं १९ जणांना दोषी ठरवलं. तपासण्या आधीही झाल्या होत्या, फक्त मुलींना कुणी धडपणे विचारलं नव्हतं.

आता विचारायचं कसं ते माझ्या अनुभवातून लिहिते. अधीक्षक दारात उभे असताना कधीच विचारू नका. मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून "काही त्रास आहे का बाळांनो" असं विचारलं की एका सुरात "नाहीऽऽ" येतं, ते उत्तर लिहून घेण्यात काही राम नाही. मी मुलांना संस्थेचा नकाशा काढायला सांगायचे. खोल्या, संडास, मैदान, स्वयंपाकघर, गेट. मग म्हणायचे, जिथं बरं वाटतं तिथं हिरवा ठिपका आणि जिथं जायला नको वाटतं तिथं लाल. नाव लिहायचं नाही. एका ठिकाणी जवळजवळ सगळ्या कागदांवर मागच्या बाजूच्या बाथरूमच्या बोळात लाल ठिपके आले. जाऊन बघितलं तर तिथं दिवाच नव्हता, आणि मोठी मुलं लहानांना तिथंच अडवायची. दिवा लागला, संध्याकाळी त्या बाजूला एका काळजीवाहकाची ड्युटी लागली. पुढच्या भेटीत परत नकाशे काढून घेतले, कारण दिवा लावला म्हणून भीती गेली असं आपण परस्पर ठरवायचं नसतं.

आणि भाषा बघा. आपल्या सोलापुरात पूर्वभागातली मुलं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कन्नड. लहान पोराला भीती, लाज, राग हे मराठीत सांगताच येत नाही, मग आपण लिहितो "मूल अबोल आहे".

अजून एक, सीनाकाठ भाऊ. तुम्ही अहवालात गड्ड्याच्या फोटोंचं लिहिलंय. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा. मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा काहीही छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. देणगीदारांना चेहरे दाखवायची पद्धत सगळीकडं पडलीय, ती यंदा थांबवा.

सीनाकाठ

ताई, फोटोंचं लगेच थांबवतो, छापखान्यात सांगतो. नकाशाची कल्पना फारच आवडली.

आकडेमोड_सोलापूर

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. या क्षेत्रातला नाही, पण आकड्यांनी फसगत कुठं होते तेवढं सांगू शकतो, आणि हे काम मनापासून व्हावं असं वाटतं म्हणून लांब लिहितोय.

पहिलं म्हणजे टक्केवारी लिहू नका. तुमच्याकडून वर्षाला समजा आठ मुलं बाहेर पडत असतील तर त्यातल्या एकाचं गाडं घसरलं की टक्केवारी बारानं खाली येते आणि कंपनीवाले विचारणार की यंदा गुणवत्ता का घसरली. सरळ "आठपैकी पाच" लिहा आणि तीन-चार वर्षांचं एकत्र करून बघा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. फोन केल्यावर कोण सापडतं? ज्याचं बरं चाललंय तो. ज्याचा नंबर बंद आहे, जो गाव सोडून गेला, जो तुरुंगात आहे, जी लग्न लावून दिली गेली, ती सापडत नाहीत. मग आपण सापडलेल्या पाचांतले चार कामाला आहेत म्हणून ऐंशी टक्के यश लिहून मोकळे होतो. भागाकार करताना खाली सगळी बाहेर पडलेली मुलं घ्या, आणि "संपर्क नाही" हा वेगळा रकाना ठेवा, तो लपवू नका. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी तुम्ही फक्त तो एकच रकाना मोजला तरी चालेल. किती मुलांचा आपल्याला ठावठिकाणा नाही? तो आकडा कमी करणं हेच पहिलं काम.

तिसरं, या आकड्यावरून कुणाचं अनुदान कापणार किंवा कुणाला मेमो देणार असाल तर आकडे खोटे येणार. माणसं वाईट असतात म्हणून नाही, घाबरतात म्हणून. पळून गेलेल्या मुलाची नोंद "नातेवाईकांकडे सुपूर्द" अशी होते ती याच भीतीनं.

पार्कचौकातला

तिसरा मुद्दा शंभर टक्के खरा. मूल पळालं की आधी पोलीस स्टेशन, मग बालकल्याण समिती, मग खुलासा, आणि खुलासा मागणारा कधीच विचारत नाही की ते पोर कशाला पळालं. मला विचाराल तर पळून जाणं ही सगळ्यात मोलाची नोंद आहे. कुठल्या महिन्यात पळतात, दाखल झाल्यापासून किती दिवसांत, कुणाच्या ड्युटीला, परत आल्यावर काय सांगतात. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं हंगामात आपल्याकडं येतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की आई-बाप गावी परततात, ते कळलं की पोरं थांबत नाहीत, भिंतीवरून जातात. हे लक्षात आल्यावर आम्ही पट्टा पडायच्या आधीच समितीपुढं अर्ज ठेवून सुट्टीवर पाठवायला लागलो, रीतसर, खाऊ बांधून.

मोहोळकर

सगळे आत काय सुधारायचं ते बोलतायत, मी जरा वेगळं विचारतो. यातली किती मुलं मुळात आत असायला हवीत? केंद्र सरकारनं देशभरातल्या संस्थांची पाहणी करून घेतली, २०१८ ला अहवाल आला, त्यात ९,५८९ संस्था आणि पावणेचार लाखांच्या आसपास मुलं होती. त्यातल्या कितीतरी मुलांना आई किंवा बाप किंवा दोघंही आहेत. घरी खायची भ्रांत म्हणून पोर संस्थेत. ही आपल्या बिडी कामगार बायांची, यंत्रमागावरच्या माणसांची पोरं.

रोमानियात एक मोठा अभ्यास झालाय, बुखारेस्टमध्ये. २००० च्या सुमाराला सुरू झाला, संस्थांतली १३६ लहान मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक कुटुंबांत दिली आणि निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांशी नातं जोडणं, सगळ्यात फरक दिसला, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत सगळ्यात जास्त. म्हणजे संस्था कितीही चांगली चालवली तरी तान्ह्या मुलाला ती घर देऊ शकत नाही.

आणि पैशाचं गणित बघा. मिशन वात्सल्यमध्ये संस्थेतल्या मुलामागं महिना ३,००० निर्वाह अनुदान आणि घरी राहणाऱ्या मुलाला प्रायोजकत्व, म्हणजे कुटुंबाला मिळणारी मदत, मंजूर झालं तर ४,०००. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५०. ते वेळेवर मिळालं तर कितीतरी आया पोराला जवळ ठेवतील. तुमच्या मोजमापात हा रकाना पाहिजे, किती मुलं घरी परत गेली आणि घरीच टिकली.

रेघोट्या

मोहोळकर दादा, मुद्दा मान्य, पण "टिकली" हा शब्द सोडू नका. मी बघितलंय, घरी पाठवलं की फाईल बंद. तीच मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत नव्यानं दाखल होते, नवीन फाईल, कुणाला पत्ता नाही. काहींच्या घरातच धोका असतो, दारू, सावत्र बापाचा त्रास, तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न. घरी पाठवल्यावर महिन्यानं एकदा आणि मग सहा महिन्यांनी घरी जाऊन बघणं, मुलगी शाळेत जाते का, वजन कमी झालंय का, एकटी बोलते का, हे केलं तर घरवापसीच्या आकड्याला अर्थ आहे. नाहीतर पटसंख्या कमी केल्याची वाहवा संस्थेला आणि भोग त्या पोरीला.

मोहोळकर

ताई, बरोबर आहे. मी घरी पाठवा म्हटलं ते असं वाऱ्यावर सोडण्यासाठी नाही. सहा महिन्यांची भेट मोजमापातच धरा.

वालचंदमागे

परत एकदा लिहितोय. फोन कोण करणार हे ठरवलंय का? अधीक्षक सरांचा फोन आला तर आम्ही "सर सगळं छान चाललंय" असंच सांगणार. मान असतो, आणि लाजही वाटते, एवढं शिकवलं आणि मी इथं भांडी घासतोय हे कसं सांगायचं. मला एकदा माझ्याच खोलीतल्या सीनिअर दादाचा फोन आला होता तेव्हा मी खरं सांगितलं की तीन महिने भाडं थकलंय. त्यानं आपल्या ओळखीनं एमआयडीसीत चिकटवलं, आज जो आहे तो त्या फोनमुळं. तेव्हा फोन आमच्यातल्याच माणसांनी करायचा. आणि नुसतं विचारून फोन ठेवायचा नाही. ज्यानं सांगितलं जेवायची पंचाईत आहे त्याच्यासाठी त्याच आठवड्यात काहीतरी करता आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तो उचलणार नाही आणि उचलूही नये.

दुसरं, नोकरी आहे का हा एकच प्रश्न नको. माझा जो मित्र नोकरीला आहे तो गणपती-दिवाळीला कुठं जात नाही, खोलीत झोपून काढतो. सणाला कुणाकडं जातोस हे विचारा. त्या एका उत्तरात सगळं कळतं.

बाळीवेसकर

यावरून एक आठवलं. एका संस्थेत मुलींना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं होतं की तुला रडू आलं तर तू कुणाकडं जातेस. समुपदेशक, अधीक्षिका, गृहमाता यांची नावं येतील असं वाटलं होतं. बहुतेक चिठ्ठ्यांवर स्वयंपाकाच्या मावशी. त्या कंत्राटी होत्या आणि त्यांना बदलायचा विचार चालू होता, कंत्राटदार बदलतोय म्हणून. त्या चिठ्ठ्या समोर ठेवल्यावर मावशींना कायम ठेवलं, वर त्यांना बाल संरक्षणाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मुलांची माणसं किती वेळा बदलतात हेही मोजाच. वर्षात तीन काळजीवाहक बदलले तर ते पोर चौथ्याशी बोलेल कशाला?

अक्कलकोटरोड

वरचं सगळं वाचलं. मी आधी लिहिलं ते कर्मचाऱ्यांची बाजू म्हणून लिहिलं होतं, ती अजूनही आहे. पण बोळातला दिवा आणि मावशींचं वाचून पटलं की हे मोजणं पोरांच्या उपयोगाचं आहे. माझं गारमेंट युनिट आहे, गणवेश शिवतो. १८ झालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यायची तयारी आहे, राहायची सोय मात्र माझ्याकडं नाही.

सीनाकाठ

सगळ्यांचं वाचून कच्चा मसुदा केलाय. नवीन रजिस्टर काढत नाही, पार्कचौक सरांचं ऐकलं. आयसीपी खरा करायचा, महिन्याला थोड्याच मुलांचे, पण मुलाला समोर बसवून, आणि ते काम करणाऱ्याकडून बिलांचं काम काढून घ्यायचं, त्यासाठी अर्धवेळ लेखनिक, हा खर्च कंपनीकडं मागणार आहे. सतराव्या वर्षी कागदपत्रं आणि रोजच्या कामांची तपासणी, स्वयंपाकघर मोठ्या मुलांना रविवारी उघडं. ठिपक्यांचा नकाशा दर तिमाहीला, बाहेरच्या माणसाकडून. तक्रारपेटी संडासाकडं जायच्या वाटेवर, आणि चावी बालकल्याण समितीकडं द्यावी असं पत्र देतोय. पळून गेलेल्या मुलांच्या नोंदीवर दर महिन्याच्या बैठकीत बोलायचं, खुलासा न मागता. घरी गेलेल्यांना महिन्यानं आणि सहा महिन्यांनी भेट. बाहेर पडलेल्यांना सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी फोन, जुन्या मुलांकडून, मानधन देऊन.

फोनवरचे प्रश्न असे ठेवलेत : सध्या कुठं राहतोस, भाडं कोण देतं. काम किंवा शिक्षण काय चालू आहे. आजारी पडलास तर कुणाला फोन करतोस. सणाला कुणाकडं जातोस. पोलीस केस झाली होती का. संस्थेत असताना काय शिकवायला हवं होतं. आत्ता काय मदत लागेल.

रेघोट्या

पोलीस केसचा प्रश्न काढा. पहिल्या फोनवर हे विचारलं की माणूस बंद होतो, आणि त्याची नोंद उद्या कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. आणि सुरुवातीलाच विचारा की मी हे लिहून घेतलं तर चालेल का, नको म्हणाला तर फक्त बोला. वहीत नावाऐवजी क्रमांक, नावांची यादी वेगळ्या कुलपात, कंपनीला फक्त एकूण आकडे.

आकडेमोड_सोलापूर

"संपर्क नाही" चा रकाना मसुद्यात दिसला नाही. तो पहिला ठेवा. मागच्या पाच वर्षांतली नावं काढून द्या, तक्ता मी बनवून देतो, आमच्या विद्यार्थ्यांना नावं न दाखवता.

वालचंदमागे

माझ्या बॅचची आणि पुढच्या दोन बॅचची पोरं मी शोधतो, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात नसलेल्यांना कोण ओळखतं तेही माहिती आहे. तुमची आणि माझी संस्था वेगळी निघाली तरी चालेल. अक्कलकोटरोड काका, राहायच्या सोयीचं बोलू, चार पोरांनी मिळून खोली घेतली आणि डिपॉझिट कुणी भरलं तर होतंय.

सीनाकाठ

पोलीस केसचा प्रश्न काढला, परवानगीचं वाक्य वर घेतलं, "संपर्क नाही" पहिल्या रकान्यात. डिपॉझिटचा विषय येत्या बैठकीत ठेवतो, फोन करणाऱ्यांच्या मानधनाच्या ठरावासोबतच. अठरानंतरच्या अनुरक्षणासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज कसा करायचा, सोबत कुठले कागद लागतात, हे पार्कचौक सर तुम्ही लिहाल का? यंदाच्या १ जूनला आमची सहा मुलं अठरा पूर्ण करतायत.

पार्कचौकातला

लिहितो की. समितीचा आदेश, आयसीपीची प्रत, शाळेचा किंवा प्रशिक्षणाचा दाखला, बँक पासबुक आणि मुलाचा स्वतःच्या सहीचा अर्ज, एवढं आत्तापासून गोळा करायला घ्या. बाकी कार्यालयात विचारून सांगतो. अर्ज मे महिन्यावर ठेवू नका, मूल बाहेर पडायच्या आधी आदेश हातात पाहिजे. सहाही मुलांना सोबत घेऊन बसा आणि अर्ज त्यांनाच लिहू द्या.